मनाचे आजार टिकून का राहिले?

इंदूरच्या मराठी घरांत कुणाच्या मनाच्या आजाराचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला दबक्या आवाजात: "घराण्यात आधी कुणाला होतं का हो?" दुसरा थोडा मोठ्याने, बहुतेक वेळा एखाद्या आत्याबाईंकडून: "कुळाचार नीट चालू आहे ना?" होळकरांच्या मागोमाग आपली घराणी माळव्यात आली, रामबागेत, लोकमान्यनगरात रुजली, कुलदैवतं मात्र जेजुरीला, तुळजापूरला, कोल्हापूरला राहिली. कधी जाणं जमलं नाही, बोडण राहून गेलं, गोंधळ राहून गेला. आणि मग घरातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्र रात्र जागू लागला, एकटाच कुणाशी तरी बोलू लागला, की सगळ्यांची नजर त्या राहून गेलेल्या गोष्टीकडे वळते. कुणी गाणगापूरला नेतं, कुणी जावऱ्याच्या हुसेन टेकरीला. डॉक्टरांपर्यंत पोचायला कधी महिने लागतात, कधी वर्षं.

मी प्राणिशास्त्र शिकवते. या प्रश्नांची थट्टा करावी असं मला कधी वाटलं नाही, कारण त्यांच्या तळाशी एक अगदी खरा प्रश्न आहे. माणसाला आतून असं पोखरणारं काही होऊच का शकतं? निसर्गाने लाखो वर्षं घडवलेलं शरीर आहे ना हे? डोळा इतका नेमका, हाताचा अंगठा इतका उपयोगी, मग मन इतकं नाजूक का राहिलं?

गेली तीसेक वर्षं मानसोपचाराची एक शाखा, उत्क्रांतीवादी मानसोपचार, नेमका हाच प्रश्न विचारते आहे. तिची उत्तरं अजून पुरी नाहीत. पण जी हाती आली आहेत त्यांनी "आमच्याच नशिबी का" या ओझ्यातला बराच भाग कमी होतो असा माझा अनुभव आहे, म्हणून हा लेख.

आधी 'का' या प्रश्नाचे दोन प्रकार वेगळे करू. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ साली हा फरक ठळकपणे मांडला. डॉक्टर सहसा जवळचं कारण सांगतात: मेंदूतल्या रसायनांचं काम बिघडलं, झोप तुटली, लहानपणी मोठा आघात झाला, अमुक जनुकामुळे धोका वाढला. एका माणसाला आजार झाला आणि शेजारच्याला झाला नाही, हे त्यातून कळतं. दूरचं कारण वेगळ्याच गोष्टीबद्दल असतं. सगळ्याच माणसांत ही कमजोरी राहिली कशी? नैसर्गिक निवडीने ती काढून का टाकली नाही? मिशिगन विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी आणि उत्क्रांतीचे अभ्यासक जॉर्ज विल्यम्स यांनी १९९०च्या दशकात हा प्रश्न आधी सगळ्या रोगांसाठी मांडला, आणि पुढे नेसींनी तो मनोविकारांपर्यंत नेला.

इथे एक गोष्ट पचवायला जड जाते. नैसर्गिक निवड आपल्या सुखासाठी काम करत नाही. ज्या गुणांमुळे पुढच्या पिढ्यांत वंशज जास्त उरतात ते गुण पसरतात, एवढाच तिचा हिशोब. त्या गुणाने माणूस आयुष्यभर धास्तावलेला राहिला, मत्सराने जळत राहिला, तरी त्या हिशोबात फरक पडत नाही. मनाला शांती मिळावी अशी आपली इच्छा असते, पण शरीर त्या इच्छेवरून घडलेलं नाही.

चिंतेपासून सुरुवात करते, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ताप, खोकला, उलटी, वेदना हे आपल्याला त्रास वाटतात, पण ते शरीराचे बचाव आहेत. खोकला अजिबात येत नसेल तर न्यूमोनिया माणसाला सहज घेऊन जाईल. भीती आणि चिंता याच जातीच्या. आता गंमत अशी की हे बचाव गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा सुरू होतात. नेसींनी त्याचं कारण धूर ओळखणाऱ्या अलार्मच्या उदाहरणाने सांगितलं. हॉटेलच्या खोलीतला अलार्म कुणी उदबत्ती लावली तरी वाजतो. वैताग येतो. पण खऱ्या आगीत एकदाही न चुकणारा अलार्म हवा असेल तर तो असाच हळवा ठेवावा लागतो, कारण खोट्या गजराची किंमत थोडी आहे आणि हुकलेल्या आगीची किंमत जीव आहे.

हा हिशोब आकड्यांत मांडून बघा. रालामंडल, चोरल, महूकडे बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. समजा हजारो वर्षांपूर्वी अशाच रानात एक माणूस उभा आहे आणि झुडपात खसखसलं. पळायला २०० कॅलरी लागतात. न पळता श्वापदाच्या तावडीत सापडलं तर नुकसान २०,००० कॅलरींच्या तोडीचं. मग त्या आवाजामागे खरोखर श्वापद असण्याची शक्यता शंभरात एकाहून थोडी जरी जास्त असली तरी पळालेलंच बरं. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ नव्याण्णव वेळी माणूस उगाच घाबरून पळेल, आणि तरीही ती यंत्रणा अगदी चोख काम करत असेल. आपण अशा उगाच पळालेल्यांचे वंशज आहोत.

आता पॅनिक अटॅककडे बघा. आपल्याकडे लोक सांगतात, "एकदम घबराहट झाली, वाटलं आता संपलं." छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, तिथून निघून जावंसं वाटतं. रात्री धावतपळत इस्पितळात नेतात, ईसीजी निघतो, तो व्यवस्थित असतो, "काही नाही, गॅस असेल" म्हणून घरी पाठवतात. माणूस आणखी घाबरतो, कारण 'काही नाही' हे त्याला पटण्यासारखं नसतं. पण यातलं प्रत्येक लक्षण पळण्याच्या कामाचं आहे. हृदय मांड्यांच्या स्नायूंना जास्त रक्त पुरवतं, कातडीचं रक्त कमी होतं म्हणून हात गार पडतात, घाम अंग थंड ठेवतो. यंत्रणा शाबूत आहे, गजर भलत्या वेळी वाजला आहे.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. ज्या पाणवठ्यावर दोनदा वाघ भेटला तिथे तिसऱ्या वेळी जास्त सावध राहणंच शहाणपणाचं. म्हणून ही यंत्रणा अशी घडली आहे की गजर वाजत राहिला तर ती आणखी हळवी होते. पॅनिकच्या रुग्णात हेच उलटतं. अटॅकच्या भीतीने तो स्वतःच्या नाडीवर लक्ष ठेवतो, जिना चढताना धडधड वाढली की मेंदू त्यालाच धोका समजतो, आणि पुन्हा अटॅक. मग गर्दी नको, प्रवास नको, एकटं राहणं नको. वर्तनोपचारात रुग्णाला भीतीच्या जागी हळूहळू, पुन्हा पुन्हा नेतात आणि गजर वाजू देतात. काही झालं नाही हे शरीराला पुरेशा वेळा कळलं की यंत्रणेचा हळवेपणा उतरतो. "मन घट्ट कर" असं नुसतं सांगून हे होत नाही.

भीती कशाची वाटते हेही याच इतिहासातून आलं आहे. साप, उंची, अंधार, बंदिस्त जागा यांचे फोबिया जगभर आढळतात. एबी रोडवर अपघात नेहमीचेच, तरी दुचाकीचा फोबिया घेऊन येणारे विरळा, आणि उघड्या विजेच्या वायरींचा तर नाहीच. अमेरिकेत सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या, कधी साप न पाहिलेल्या माकडांवर प्रयोग केले. ती माकडं सापाला मुळात घाबरत नव्हती. पण दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला की झटकन घाबरायला शिकली. तोच व्हिडिओ जुळवून, साप काढून जागी फूल ठेवलं, तर फुलाला घाबरायला मात्र शिकली नाहीत. म्हणजे भीती जन्मजात तयार नसते, पण काही भीती शिकण्याची तयारी मात्र जन्मजात असते.

आणि भीती फार कमी असणं हाही दोषच. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात दिसलं की पाच ते नऊ या वयात पडून गंभीर इजा झालेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी उंचीची भीती इतरांपेक्षा कमी होती. साधी समजूत याच्या उलट असते, की पडलेलं मूल उंचीला घाबरतं. बहुधा ज्यांना भीती कमी होती तीच जास्त पडली. अशी माणसं मानसोपचाराच्या ओपीडीत येत नाहीत, हाडांच्या वॉर्डात सापडतात.

उदासीचं कोडं याहून अवघड आहे, आणि इथे अभ्यासकांचं एकमत नाही.

एरिक क्लिंगर यांनी १९७५ साली मांडलेली कल्पना मला सगळ्यात पटते. माणूस ज्याच्या मागे लागला आहे ते हाती येत नसेल तर आधी तो जोर वाढवतो, चिडतो. तरीही जमत नसेल तर उत्साह ओसरतो, आणि त्या ओसरण्यामुळे तो त्या गोष्टीतून अंग काढून घेतो. पक्षी दाणे संपलेल्या जागी खणत बसला तर उपाशी मरेल. त्याला तिथून उठवणारं काहीतरी आत असायला हवं. उतरलेलं मन हे काम करतं.

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या खोल्यांमधून राज्यसेवेची तयारी करणारी मुलं मी पाहते. एक प्रयत्न, दुसरा, तिसरा. परीक्षा लांबतात, निकाल कोर्टात अडकतात, वय पुढे सरकतं. कित्येकांचं मन केव्हाच सांगत असतं की आता दुसरीकडे वळ. पण वळता येत नाही: गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आईने दागिना मोडला आहे, लग्न त्या निकालावर अडलं आहे. पक्षी उडून जातो. माणसाची ध्येयं वर्षानुवर्षांची, चारचौघांत जाहीर केलेली आणि दुसऱ्यांच्या पैशांवर उभी असतात. सोडताही येत नाही आणि मिळतही नाही, अशा ठिकाणी अडकलेली उदासी उतरत नाही, दाट होत जाते. अशा मुलाला "जिद्द सोडू नकोस" हे प्रेमाने सांगितलं तरी त्याचा फास आवळला जातो. त्याला ध्येय बदलण्याची परवानगी हवी असते, घरच्यांच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत.

दुसऱ्या कल्पनाही आहेत. जॉन प्राइस यांनी १९६७ साली सुचवलं की कळपातल्या झुंजीत हरलेला प्राणी मान खाली घालतो, आक्रमण थांबवतो, त्यामुळे त्याचा जीव वाचतो. नैराश्यात त्या शरणागतीचा अंश असावा. सासरी, ऑफिसात, भावकीत सतत खाली दाबल्या गेलेल्या माणसांकडे पाहिलं तर यात तथ्य वाटतं. पॉल अँड्र्यूज आणि अँडरसन थॉमसन यांनी २००९ साली आणखी पुढे जाऊन म्हटलं की नैराश्यातलं सततचं घोळणं हे अवघड प्रश्न सोडवण्यासाठी घडलेलं आहे. हे मला पटत नाही. तीव्र नैराश्यात माणूस तीच दोन वाक्यं महिनोन्‌महिने मनात फिरवतो, साधा निर्णय घेऊ शकत नाही, जेवत नाही, आणि काहींचा जीव जातो. दुःख उपयोगी असू शकतं म्हणून नैराश्याचा आजार उपयोगी ठरत नाही. ताप बचाव आहे, तरी तो फारच चढला तर मेंदूला इजा करू शकतो. बचाव करणारी यंत्रणाही इतर कुठल्याही अवयवासारखी बिघडते.

यातूनच घरोघरी विचारल्या जाणाऱ्या एका शंकेचं उत्तर मिळतं: गोळी घेतली तर खरं दुःख दडपलं जाईल का? आपण ताप आला की पॅरासिटामॉल घेतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कारण तेच, बचाव गरजेपेक्षा जास्त वेळा सुरू होतात, म्हणून बहुतेक वेळा ते आवरले तरी चालतं. गोळीने झोप येऊ लागली, सकाळी उठवू लागलं, की मग अडकलेल्या परिस्थितीकडे बघण्याचं बळ येतं. ती परिस्थिती बघायची मात्र असते. नवरा मारत असेल तर त्यावर गोळी हा इलाज नाही.

आता स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होणं, भ्रम होणं, वास्तवाशी नातं तुटणं असा आजार. इथे मला सगळ्यात जास्त सावधपणे लिहायचं आहे, कारण चिंता आणि उदासीचा नियम इथे लावला तर अनर्थ होतो. स्किझोफ्रेनिया हा बचाव नाही. त्याचा उपयोग शोधू नये.

आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याचं प्रमाण सुमारे शंभरात एक, किंवा थोडं कमी. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा: एका बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता ४० ते ५० टक्के. आणि हा आजार असलेल्यांना मुलं फार कमी होतात. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवरचा मोठा अभ्यास २०१३ साली आला. त्यात या पुरुषांना इतरांच्या साधारण चौथाई, आणि स्त्रियांना निम्मी मुलं असल्याचं दिसलं. मग जनुकं पुढे जातच नसतील तर आजार संपायला हवा होता. तो संपत नाही, हे कोडं.

१९६४ साली ज्युलियन हक्सली, अर्न्स्ट मायर आणि दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी एक उत्तर सुचवलं होतं. ते समजायला सिकलसेल बघावा लागतो, आणि तो आपल्या शेजारीच आहे. झाबुआ, अलिराजपूरच्या आदिवासी भागात हा रक्ताचा आजार बराच आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली. या आजाराचं जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर मलेरियापासून संरक्षण. ज्या भागात मलेरियाने माणसं मरत होती तिथे हे जनुक म्हणून टिकलं. स्किझोफ्रेनियाच्या जनुकांचाही रुग्णाच्या नातेवाइकांना असाच काही फायदा होत असेल, असा तो तर्क.

तर्क सुंदर होता, पण पुराव्याने साथ दिली नाही. त्याच स्वीडिश अभ्यासात रुग्णांच्या भावंडांना ती तूट भरून निघेल इतकी जास्त मुलं नव्हती. मनोरुग्णांच्या नातेवाइकांत कलावंत आणि लेखक काहीसे जास्त आढळतात हे स्वीडनच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं आहे. पण प्रतिभेची किंमत म्हणून आजार आला, ही गोष्ट ऐकायला कितीही छान असली तरी घरात आजारी मूल असलेल्या आईला ती सांगू नये.

आज जास्त पटणारं उत्तर मॅथ्यू केलर आणि जेफ्री मिलर यांनी २००६ साली मांडलं. मेंदू घडवायला आणि चालवायला आपल्या सुमारे २०,००० जनुकांपैकी निम्म्याहून अधिक कामाला लागतात. एवढ्या जनुकांत कुठे ना कुठे चुका होणारच. प्रत्येक नवजात बाळात साठ-सत्तर बदल असे असतात जे आईतही नसतात आणि बापातही नसतात, बहुतेक निरुपद्रवी. आइसलँडमधल्या २०१२च्या अभ्यासाने दाखवलं की बापाचं वय एक वर्षाने वाढलं की असे बदल साधारण दोनाने वाढतात. नैसर्गिक निवड या चुका काढत राहते, पण नव्या येत राहतात, आणि ज्यांचा परिणाम अगदी बारीक असतो त्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नजरेतून सुटतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनात स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जागा जनुकसंचात सापडल्या. त्या जागांवरचे नेहमी आढळणारे बदल एकेकटे धोका किंचितच वाढवतात, आणि यातले काही तुमच्यात आहेत, काही माझ्यात आहेत, काही स्थळ पाहायला येणाऱ्या मंडळींतही आहेत. याउलट २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळला तर धोका खूप वाढतो, पण तो तुकडा बहुतेक वेळा त्याच मुलात प्रथमच गळलेला असतो. आधीच्या पिढ्यांत कुणाला काही नव्हतं.

म्हणून लग्न ठरवताना "घराण्यात वेड आहे" म्हणून अख्ख्या कुटुंबावर फुली मारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की 'शुद्ध घराणं' नावाची वस्तू जीवशास्त्रात नाही. आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के. ती इतरांपेक्षा जास्त आहे, लपवू नये. पण दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं.

उत्क्रांतीचं नाव घेऊन या बाबतीत भयंकर गोष्टी झाल्या आहेत. जर्मनीत नाझींनी १९३३ साली कायदा करून आनुवंशिक ठरवलेले आजार असणाऱ्यांची सक्तीने नसबंदी केली, सुमारे चार लाख लोकांची. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत ७०,०००हून जास्त मनोरुग्ण आणि अपंगांना विषारी वायूने मारलं. युद्धानंतरच्या पिढ्यांत जर्मनीत स्किझोफ्रेनिया पुन्हा दिसतच राहिला. हे पाप तर होतंच. ज्या विज्ञानाचा आधार त्यांनी सांगितला ते विज्ञानही खोटं होतं.

काही आजारांत मुळात बदललेली परिस्थितीच जास्त बोलते. व्यसन हे त्यातलं सर्वांत ठळक. माळव्याला हे वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात इथली अफू इंदूरच्या पेढ्यांवरून मुंबईमार्गे चीनला जात होती, आणि मंदसौर-नीमचच्या शेतांत ती आजही सरकारी परवान्याने पिकते. वनस्पतींमधले असे कित्येक अर्क त्यांना खाणाऱ्या प्राण्यांविरुद्धचं रासायनिक हत्यार असतात. अफूतला अर्क आपल्या मेंदूतल्या ज्या कड्यांना जाऊन लागतो त्या शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांसाठी आहेत. काही चांगलं मिळालं, पुन्हा कर, असं सांगणारी मेंदूतली व्यवस्था अन्न, संग, आपुलकी यांसाठी घडली. शुद्ध केलेला अर्क, ऊर्ध्वपातित दारू, सुईतून थेट रक्तात जाणारी पूड हे त्या व्यवस्थेने कधी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून तिच्याकडे त्याविरुद्ध बचाव नाही. व्यसनी माणसाला नीतीचे पाठ देणारे ही बाजू विसरतात.

चंचल मुलांच्या आयांसाठी केन्यातलं एक उदाहरण. तिथल्या अरियाल जमातीतले काही लोक अजून गुरं घेऊन भटकतात, काही गावात स्थिरावले आहेत. एडीएचडीशी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं या विकाराशी) जोडला गेलेला एक जनुकीय प्रकार ज्यांच्यात होता असे भटके पुरुष इतर भटक्यांपेक्षा धडधाकट निघाले; तोच प्रकार असलेले गावातले पुरुष मात्र इतरांहून किंचित अशक्त. हा २००८चा अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण सहा तास बाकावर बसून राहणं ही अट मुलाला निसर्गाने घातलेली नाही, एवढं त्यावरून लक्षात यायला हरकत नाही.

या शाखेवरचा मोठा आक्षेप असा की ती सोयीच्या गोष्टी रचते. आक्षेप खरा आहे. कुठल्याही लक्षणाला घरबसल्या एखादा 'फायदा' चिकटवता येतो. म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही कल्पना खोटी असती तर काय वेगळं दिसलं असतं? मिनेकांच्या माकडांनी फुलाला घाबरायला शिकून दाखवलं असतं तर भीतीची कल्पना पडली असती. भावंडांच्या मुलांची मोजणी झाली तेव्हा १९६४ची कल्पना खरोखरच पडली. असं पडू शकणारं जे आहे तेवढंच धरून ठेवावं.

नवे उपचार या शाखेने अजून फारसे दिलेले नाहीत. पण पॅनिकच्या रुग्णाला त्याच्या धडधडीचं काम समजावून सांगणारा समुपदेशक, नैराश्यात "तू कुठे अडकली आहेस" हे विचारणारी डॉक्टर, आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या आईला "तुमच्या वाढवण्यात काही चुकलं नाही" असं ठामपणे सांगणारं कुणी, यांना तिने आधार दिला आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात पहिल्या लक्षणापासून औषध सुरू होईपर्यंत जितका काळ जातो तितकं नंतरचं सुधारणं अवघड होतं. त्यामुळे देवदर्शन करायचं असेल तर जरूर करा, पण औषध सुरू करून मग जा. इंदूरमध्ये एम.वाय. रुग्णालय आणि बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय इथे सरकारी उपचार मिळतात. तिथवर जायची हिंमत होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आजारी माणूस फोन करायला तयार नसेल तर घरच्यांनी करावा. आणि कुणी जीव देण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.